माझदा आरएक्स-८ : चालवायला झकास, सांभाळायला हट्टी

हिरोशिमात १९२० साली बुचं बनवण्यापासून सुरुवात केलेल्या माझदाने १९६७ च्या कॉस्मो या गाडीपासून रोटरी इंजिनाचा, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या इंजिनाचा हट्ट धरला. १९९१ ला फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यतही त्याच जोरावर मारली. २००३ ची आरएक्स-८ त्याच घराण्यातली. स्टिअरिंग आणि तोल याबद्दल मालकांची तक्रार जवळपास नाहीच. रडगाणं असतं ते इंजिनाचं.

ही गाडी ऑइल पिते. तो बिघाड नाही, रोटरच्या टोकावरच्या पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून ऑइल मुद्दामच आत सोडलं जातं. त्यामुळे दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक काढून ऑइल बघाच. थंड इंजिन चालू करून दोन मिनिटांत बंद केलंत तर प्लग पेट्रोलने भिजतात. मग ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून दहाएक सेकंद स्टार्टर मारायचा, म्हणजे पेट्रोल बंद राहतं. प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या चार कॉइलपैकी एक जरी मंदावली, तरी न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला भाजून काढतं.

जुनी घेताना गरम इंजिन बंद करून लगेच पुन्हा चालू करून बघा. रखडलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब गेलंय असं समजा. साध्या गेजवर विसंबू नका, रोटरीचा टेस्टर लागतो. प्रत्येक रोटरच्या तीन बाजूंचे तीन आकडे मागा. २००९ नंतरची मिळाली तर उत्तम, तिच्यात ऑइलची सोय सुधारलीय.