बाबांच्या मनगटावरचे ईसीजी: स्मार्टवॉचच्या आठ महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्याच्या नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या ७४ वर्षांच्या बाबांसाठी आठ महिन्यांपूर्वी आम्ही एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीचे ईसीजी काढणारे स्मार्टवॉच घेतले. तलावपाळीला फेऱ्या मारताना त्यांच्या छातीत अधूनमधून धडधडायचे आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सारे शांत झालेले असायचे, हीच आमची अडचण होती.

तिसऱ्या महिन्यात नाडी अनियमित असल्याची सूचना लागोपाठ दोन दिवस आली. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा प्रकाश रक्तप्रवाहातले चढउतार टिपतो, त्यावरून ही सूचना मिळते; ईसीजीसाठी मात्र दुसऱ्या हाताचे बोट बाजूच्या बटणावर ३० सेकंद टेकवून स्वस्थ बसावे लागते. बाबांचे बोट कोरडे आणि हात किंचित थरथरणारा, त्यामुळे पहिल्या चार-पाच नोंदी वाया गेल्या. पुढे बोट जरासे ओले करून आणि दोन्ही कोपरे जेवणाच्या टेबलावर टेकवून बसायची सवय लागली, तेव्हा आलेख स्वच्छ येऊ लागला.

तो छापून नेला तेव्हा डॉक्टरांनी नीट पाहिला, पण त्यावरून औषध सुरू केले नाही. आधी १२ लीडचा, म्हणजे हृदयाकडे बारा कोनांतून पाहणारा ईसीजी, मग २४ तासांचे होल्टर, म्हणजे अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारे यंत्र, आणि त्यानंतरच एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित पडण्याच्या विकाराचे, निदान झाले. घड्याळाची नोंद एकाच लीडची असते आणि तिला हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायलाच हवे. छातीत दुखत असताना घड्याळाशी खेळत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.

एवढे मोलाचे काम या घड्याळाने केले, म्हणूनच पुढचा अनुभव जिव्हारी लागला. सहाव्या महिन्यात मागचा सेन्सर बंद पडला. दुरुस्तीला १२ दिवस लागले, पर्यायी घड्याळ मिळाले नाही, आणि काउंटरवर ‘हे वैद्यकीय उपकरण नाही’ असे ऐकावे लागले. जाहिरातीत हृदय आणि वॉरंटीच्या कागदावर निव्वळ गॅजेट, हे मला मुळीच पटत नाही.

कारण या क्षेत्राचा रोख आता स्पष्ट आहे. ॲपलच्या ईसीजी सुविधेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये परवानगी दिली. गूगलने फिटबिटची खरेदी २०२१ च्या जानेवारीत पूर्ण केली. २०२४ मध्ये तर ॲपलच्या इयरबड्सना सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी श्रवणयंत्र म्हणून वापरण्याची मुभाही तिथे मिळाली. आपल्याकडेही १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याच्या कक्षेत आली आहेत. ज्यांना रुग्णाच्या मनगटावर आणि कानात जागा हवी आहे, त्यांनी रक्तदाबाचे यंत्र बनवणाऱ्याइतकीच जबाबदारी घ्यावी, ही माझी साधी अपेक्षा आहे.

हृदयाची तक्रार असलेल्या ज्येष्ठांसाठी, त्यांच्या डॉक्टरांना विचारून, हे घड्याळ जरूर घ्यावे. मात्र दुरुस्तीला किती दिवस लागतील आणि तोवर पर्यायी घड्याळ मिळेल का, हे दुकानातच लेखी घ्यावे. आम्ही ते घेतले नव्हते.