काकांची टाकुमार माझ्या सोनीवर: आठ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीत काकांनी सदाशिव पेठेतल्या घरातलं लोखंडी कपाट आवरायला काढलं आणि पेंटॅक्स स्पॉटमॅटिक या जुन्या फिल्म कॅमेऱ्याला लावलेली सुपर टाकुमार ५५ एमएम एफ १.८ लेन्स माझ्या हातात ठेवली. कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर कधीच बंद पडलंय. लेन्सची रिंग मात्र अजून जरा जड, पण कुठेही न अडकता फिरते. तेव्हापासून आषाढापर्यंत ही लेन्स मी सोनी ए७ मार्क २ या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, डिजिटल कॅमेऱ्यावर लावून वापरली. सिंहगड, पाताळेश्वर, मंडई आणि शेवटी पालखी. आता ठामपणे लिहिता येईल इतके फोटो जमलेत.

सुरुवात वाईट झाली. डिसेंबरमध्ये सकाळी सिंहगडावर कल्याण दरवाज्याकडे गेले. समोर राजगड-तोरणा स्वच्छ दिसत होते. रिंग अनंताच्या, म्हणजे अगदी दूरच्या फोकसच्या, खुणेपर्यंत फिरवली, तरी डोंगरांची कड मऊच. लेन्समध्येच दोष आहे असं वाटून जीव खट्टू झाला. घरी फोटो मोठे करून पाहिले, तर जवळचा, पंधरा-एक मीटरवरचा दगडी कठडा एकदम कडक आला होता. दोष अडॅप्टरचा, म्हणजे जुनी लेन्स सोनीवर बसवणाऱ्या जोडकड्याचा होता.

हे गणित समजून घेण्यासारखं आहे. टाकुमारसारखी एम४२ आट्यांची लेन्स जिथे टेकते तिथपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिमी असतं, सोनीच्या ई माउंटचं (लेन्स बसते त्या जागेचं) १८ मिमी. मधले २७.४६ मिमी अडॅप्टरने भरायचे. त्यात काच नसते, नुसती धातूची नळी. निकॉनच्या आरसा असलेल्या डीएसएलआरमध्ये हेच अंतर ४६.५ मिमी, म्हणजे लेन्सला हवं त्याहून जास्त, म्हणून तिथे मधे काच घातल्याशिवाय दूरचं फोकस होत नाही. मिररलेसवर ती अडचण नाही, पण नळी नेमक्या मापाची हवी. ५५ एमएम लेन्स जागेपासून फक्त ०.२ मिमी पुढे सरकली, तरी तिचं लांबात लांब फोकस साधारण १५ मीटरवर येऊन थांबतं. मैत्रिणीच्या वर्कशॉपमध्ये व्हर्नियरने मोजलं तेव्हा माझा स्वस्तातला अडॅप्टर जवळपास तेवढाच जास्त जाड निघाला. दुसरा मागवला आणि पुढच्या खेपेला तोरण्याची माची बोट ठेवून दाखवता येईल इतकी स्पष्ट आली. जुनी लेन्स नापास करण्याआधी अडॅप्टर तपासा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कॅमेऱ्यात दोनच गोष्टी लावायच्या. कॅमेऱ्याला ही लेन्स ओळखू येत नाही, म्हणून लेन्स नसतानाही शटर चालू दे, असं मेनूत सांगायचं, आणि स्टेबिलायझेशनसाठी (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) फोकल लेन्थ, म्हणजे ५५, हाताने भरायची. लेन्सच्या छिद्राचा एफ आकडा (तो जितका लहान, तितकं छिद्र मोठं) फोटोबरोबर नोंदला जात नाही, तो मी खिशातल्या वहीत लिहिते.

लेन्सच्या अंगावर ए आणि एम असं लिहिलेली एक छोटी कळ आहे. पहिल्या दिवशी एफ ८ लावूनही छिद्र लहान करणाऱ्या पात्या मिटेचनात, कारण कळ ए वर होती. जुन्या कॅमेऱ्यात शटर दाबताना आतली पिन दाबली जायची आणि पात्या मिटायच्या. साध्या अडॅप्टरमध्ये ती पिन दाबायला कोणी नसतं. पण ही अडचणच पुढे उपयोगी पडली. कळ ए वर ठेवून पूर्ण उघड्या छिद्रावर फोकस करायचं, मग अंगठ्याने एम वर ढकलायची आणि फोटो घ्यायचा. छिद्राची रिंग पुन्हा पुन्हा फिरवत बसावं लागत नाही.

फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी सोय) मात्र विसंबू नका. एक मीटरवर एफ १.८ ला स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असतो. पीकिंगच्या लाल रेघा नाकावरही चमकतात आणि पापणीवरही. तिथे चित्र मोठं करूनच पाहायचं. पाताळेश्वराच्या लेण्यात खांबांमधल्या अंधारात मी हेच केलं. एफ २, शटर १/३०. कातळावरच्या छिन्नीच्या खुणा इतक्या हळुवार उतरल्या की माझ्या झूमने काढलेला तसाच फोटो शेजारी कोरडा वाटला. बाहेर नंदीच्या गोल मंडपापाशी ऊन समोरून आलं, तेव्हा मात्र अख्ख्या फोटोवर दुधासारखा पडदा आला. काचेवरचं चकाकी रोखणारं कोटिंग जुनं आहे. पेंटॅक्सचं अनेक थरांचं कोटिंग १९७१ नंतरच्या टाकुमारवर आलं. लेन्सपुढे सावली धरणारं हूड लावल्यापासून हा त्रास निम्म्याने कमी झालाय.

काचेला चहासारखी पिवळी झाक होती. काही टाकुमारमध्ये थोरियम असलेली काच वापरलीय, ती वर्षानुवर्षांत पिवळी पडते. चैत्रात तीन आठवडे गॅलरीतल्या उन्हात ठेवली, मागच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावून, आणि जवळ कापड-कागद काही न ठेवता. लेन्समधून आलेल्या उन्हाने ते पेट घेऊ शकतं. झाक बरीच उतरली.

खरी परीक्षा पालखीत झाली. निघण्याआधी काका म्हणाले, "अगं, गर्दीत फोकस शोधत बसू नकोस. अंतर आधी ठरव आणि पुढे-मागे तू हो." म्हणून एफ ८ लावलं, रिंग ३ मीटरवर ठेवली आणि दिवसभर तिला हात लावला नाही. साधारण अडीच ते चार मीटरमधलं सगळं फोकसमध्ये राहतं. नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या जवळ एक आजी भिंतीला टेकल्या होत्या. डोक्यावर पितळी तुळशीवृंदावन, एका हाताने ते सावरलेलं, दुसऱ्या हातात चहाचा कागदी कप. मी दोन पावलं मागे झाले, मान हलवून विचारलं, त्या हसल्या. कपातून निघणारी वाफ आणि मनगटावरच्या हिरव्या बांगड्या, दोन्ही फोटोत आहेत. ऑटोफोकस मधल्या खांद्यांवर अडकला असता.

पण टाळकरी धावत येतात तिथे ही लेन्स नेऊ नका. मी नेली आणि रिंगण घातल्यासारखी फिरणारी सगळी माणसं अस्पष्ट आली. त्यासाठी झूमच हवी.

पुण्यात सगळ्यात मोठी काळजी पावसाळ्याची. चामड्याच्या कव्हरमध्ये राहिल्याने कडेला बुरशीचं जाळं आलंच होतं. ते साफ करून घेतलं, तरी कोटिंगवर पुसट खूण राहिली. आता लेन्स हवाबंद डब्यात असते, सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकासह. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे राहिला पाहिजे. जेलचे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर निळे होईपर्यंत भाजून घेते.

तुम्हाला अशी लेन्स घ्यायची असेल, तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जाताना खिशात टॉर्च ठेवा. मागून प्रकाश टाकला की बुरशी लगेच दिसते. पात्यांवर तेल आहे का, तेही बघा. मी आतापर्यंत दोन हातात घेतल्या आणि दोन्ही परत ठेवल्या. ३५ एमएम टाकुमार अजून शोधतेय.