ड्युअल बूट बिघडल्यावर कोणता उपाय निवडावा: बूट क्रमापासून ग्रबच्या पुनःस्थापनेपर्यंत

विंडोज आणि उबुंटू ही लिनक्स प्रणाली एकाच लॅपटॉपवर ठेवणाऱ्यांची, म्हणजे ड्युअल बूट करणाऱ्यांची, तक्रार साधारणपणे तीनपैकी एका प्रकारची असते. संगणक सुरू केल्यावर निवडीची यादी न येता थेट विंडोज उघडते, काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ (ही यादी दाखवून प्रणाली सुरू करणारा उबुंटूचा प्रोग्रॅम, म्हणजे बूटलोडर) एवढाच शब्द येऊन संगणक आज्ञेची वाट पाहत थांबतो, किंवा यादी येते पण तिच्यात विंडोजचे नाव नसते. अशा वेळी दुकानात नेलेला लॅपटॉप बहुधा ‘फॉर्मॅट मारून’ परत मिळतो. वास्तविक या तिन्ही प्रसंगांत दोन्ही प्रणाली आणि त्यांतील फायली सहसा डिस्कवर जशाच्या तशा असतात आणि तुटलेला असतो तो केवळ त्यांच्यापर्यंत पोहोचवणारा दुवा. म्हणून फॉर्मॅट हा पर्याय या तुलनेत घेतलेला नाही. उरलेल्या पर्यायांतून निवड करताना मी एकच निकष लावतो: जो उपाय डिस्कवर सर्वांत कमी लिहितो, तो आधी करून पाहावा.

निवडीपूर्वी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे संगणकाचे फर्मवेअर (मदरबोर्डवरील, संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) जुन्या बायोस पद्धतीचे आहे की नव्या यूईएफआय पद्धतीचे. विंडोज उघडत असेल तर ‘सिस्टम इन्फर्मेशन’ या खिडकीत बायोस मोडच्या ओळीत हे लिहिलेले असते. बायोस पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये बूटचा कोड राहतो आणि त्याच्या वाट्याला जेमतेम ४४६ बाइट येतात. तिथे एका वेळी एकाच प्रणालीचा कोड मावतो, त्यामुळे नंतर आलेली प्रणाली आधीच्या प्रणालीचा कोड पुसून टाकते. यूईएफआय पद्धतीत मात्र डिस्कवर फॅट-३२ स्वरूपाचा एक लहान स्वतंत्र विभाग, म्हणजे ईएफआय पार्टिशन, असते, त्यात विंडोजचे आणि उबुंटूचे फोल्डर वेगवेगळे असतात, आणि कोणते आधी उघडायचे याची यादी मदरबोर्डवरील कायम स्मृतीत ठेवलेली असते. आजचे बहुतेक लॅपटॉप या दुसऱ्या प्रकारचे आहेत. तरीही इंटरनेटवर फिरणारे पुष्कळसे उपाय पहिल्या प्रकारासाठी लिहिलेले आहेत, आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

दुसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीची. विंडोज ११ मध्ये, विशेषतः मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या नव्या लॅपटॉपवर, डिस्कचे एन्क्रिप्शन वापरणाऱ्याच्या नकळत चालू झालेले असू शकते. सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी केलेला बूट कोड चालू देणारी फर्मवेअरची सोय) बंद केले किंवा बूटच्या साखळीत फेरफार केला, की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागण्याचा संभव असतो. ही की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली आहे का ते दुसऱ्या संगणकावरून वा फोनवरून पाहावे आणि ती कागदावर उतरवून घ्यावी. ती हाती येईपर्यंत पुढे सांगितलेल्या कोणत्याही उपायाला हात लावू नये. बूटलोडर तासाभरात दुरुस्त होतो. कीशिवाय अडकलेली डिस्क मात्र उघडत नाही.

बूट क्रम बदलणे की ग्रब पुन्हा बसवणे

यूईएफआय संगणकावर थेट विंडोज उघडू लागले असेल, तर बहुतेक वेळा ग्रब नाहीसे झालेले नसते. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटने किंवा फर्मवेअरच्या अपडेटने बूट क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ला वर आणून बसवलेले असते. संगणक सुरू होताना बूट मेन्यूची कळ दाबावी. डेल आणि लेनोवोच्या बहुतेक लॅपटॉपवर ती एफ१२ असते, एचपीवर एफ९ आणि आसुसवर एस्केप. त्या यादीत ‘उबुंटू’ दिसले आणि निवडल्यावर उघडले, तर निदान पूर्ण झाले. मग फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये क्रम बदलला की काम संपते, आणि डिस्कवर एक अक्षरही लिहिले जात नाही. काही फर्मवेअरमध्ये हा क्रम बदलण्याची सोयच दिलेली नसते. तेव्हा उबुंटूत शिरून टर्मिनलवर ‘ईएफआय-बूट-एमजीआर’ या साधनाने तोच बदल करता येतो.

काही फर्मवेअर मात्र हट्टी असतात. क्रम बदलून ठेवला तरी पुढच्या रिस्टार्टला पुन्हा विंडोजच पुढे येते. अशा यंत्रावर एक आडवाट सुचवली जाते, ती म्हणजे विंडोजच्या बूट मॅनेजरच्या नोंदीतील फाइलचा मार्ग बदलून तो उबुंटूच्या ‘शिम’कडे (सिक्युअर बूटमध्ये ग्रबच्या आधी चालणाऱ्या लहान प्रोग्रॅमकडे) वळवायचा. ही युक्ती चालते, पण विंडोजच्या नोंदीतच ढवळाढवळ करते, म्हणून मी ती शेवटच्या पायरीवर ठेवतो. उबुंटू क्वचितच लागत असेल, तर दर वेळी बूट मेन्यूची कळ दाबणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

ग्रब पुन्हा बसवण्याची खरी गरज पुढील प्रसंगांत पडते: बूट मेन्यूत ‘उबुंटू’ची नोंदच नाही आणि ईएफआय पार्टिशनमधील फोल्डरही गेले आहे, विंडोज नव्याने इन्स्टॉल करताना ते पार्टिशन पुसले गेले आहे, किंवा बायोस पद्धतीच्या जुन्या यंत्रावर विंडोजने पहिला सेक्टर व्यापला आहे. नुसता ‘ग्रब’ असा पडदा येणे ही निराळी खूण आहे. त्या वेळी ग्रबचा आरंभीचा भाग जिवंत असतो, पण त्याला आपली कॉन्फिगरेशन फाइल सापडत नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचे पार्टिशन पुसल्यावर हे हमखास घडते. पार्टिशन मुद्दाम पुसले असेल तर ग्रब परत बसवण्यात काही अर्थ नाही. तिथे बूट क्रमात विंडोजला वर आणणे एवढेच पुरते.

बूट-रिपेअर आणि हाताने दुरुस्ती

ग्रब परत बसवायचेच ठरले, तर दोन रस्ते उरतात. दोन्हींना उबुंटूचा लाइव्ह पेन ड्राइव्ह (इन्स्टॉल न करता थेट उबुंटू चालवणारा) लागतो आणि दोन्हींत एक अट समान आहे: मूळ प्रणाली यूईएफआय पद्धतीची असेल तर पेन ड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू झालेला हवा. बूट मेन्यूत एकच पेन ड्राइव्ह कधी कधी दोन नावांनी दिसतो, आणि चुकीचे नाव निवडले गेले की पुढची सारी मेहनत वाया जाते.

पहिला रस्ता बूट-रिपेअर या चित्रमय साधनाचा. ते लाइव्ह सत्रात इंटरनेटवरून बसवता येते. उघडल्यावर ते सर्व डिस्क तपासते आणि ‘शिफारस केलेली दुरुस्ती’ अशा अर्थाचे मोठे बटण समोर ठेवते. टर्मिनलची सवय नसलेल्या, एकच डिस्क आणि एकच साधे लिनक्स पार्टिशन असलेल्या वाचकाने हाच रस्ता धरावा. साध्या मांडणीत ते आपले काम नीट करते. त्याची उणीव अशी, की एका बटणामागे ते अनेक कामे करते आणि त्यांतील नेमके कोणते आवश्यक होते हे आपल्याला कळत नाही. प्रसंगी ते ग्रबची पॅकेजेस काढून पुन्हा उतरवते, तेव्हा मोबाइल हॉटस्पॉटवरचे इंटरनेट मध्येच तुटले तर प्रणाली अर्धवट अवस्थेत राहू शकते. म्हणून मोठे बटण दाबण्यापूर्वी त्यातील केवळ अहवाल तयार करणारा पर्याय वापरावा. या अहवालात प्रत्येक डिस्क, पार्टिशन आणि बूट नोंद यांची स्थिती मिळते. माझ्या मते दुरुस्तीच्या बटणापेक्षा हा अहवालच या साधनाची अधिक मोलाची देणगी आहे. जाणकाराकडे मदत मागायची झाली तरी तोच पुढे ठेवावा लागतो.

दुसरा रस्ता ‘सीएच-रूट’चा. लाइव्ह सत्रातून मूळ उबुंटूचे पार्टिशन जोडायचे, त्याच्या आतील ठरलेल्या जागी ईएफआय पार्टिशन जोडायचे, चालू प्रणालीचे डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चार फोल्डर आत उपलब्ध करून द्यायचे, आणि मग सीएच-रूटने त्या प्रणालीत ‘शिरायचे’. तिथून ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब या दोन आज्ञा दिल्या की काम होते. सिक्युअर बूट चालू ठेवायचे असल्यास स्वाक्षरी केलेल्या ग्रबचे आणि शिमचे पॅकेज त्याच वेळी पुन्हा बसवून घ्यावे. ही सारी खटपट सरावाच्या माणसाला पंधरा-वीस मिनिटांची आहे. पहिल्यांदाच करणाऱ्याने संध्याकाळ मोकळी ठेवावी.

या रस्त्याचा फायदा दुहेरी आहे. डिस्कवर काय लिहिले जाते आहे ते पावलोपावली कळते आणि चूक झाली तर ती कोणत्या पायरीवर झाली हे दिसते. शिवाय डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, तिच्यावर एलव्हीएम (पार्टिशनवरची आणखी एक लवचिक विभागणी) असेल किंवा प्रणाली बीटीआरएफएस या फाइल व्यवस्थेच्या सबव्हॉल्यूमवर (उपविभागावर) बसवलेली असेल, तर आधी कुलूप कुठे उघडायचे आणि नेमके काय कुठे जोडायचे हे माणूस ठरवू शकतो. अशा मांडणीत मी बटणावर विसंबत नाही. हाताने करण्यातली सर्वांत सामान्य चूक म्हणजे ईएफआय पार्टिशन जोडायला विसरणे. तसे झाले तर ग्रबच्या फायली भलत्याच जागी, साध्या फोल्डरमध्ये, जाऊन पडण्याची शक्यता असते, आणि रिस्टार्टनंतर सारे पहिल्यासारखेच दिसते. दुसरी चूक पार्टिशनचा क्रमांक अंदाजाने देण्याची आहे. आकार आणि प्रकार पाहून तो निश्चित केल्याखेरीज एकही आज्ञा देऊ नये.

विंडोजकडून दुरुस्ती केव्हा

विंडोजच्या रिकव्हरी पेन ड्राइव्हमध्ये दोन साधने आहेत आणि त्यांची सरमिसळ फार होते. ‘बूटरेक’ हे मुख्यतः जुन्या पद्धतीचे साधन. त्यातील ‘फिक्स-एमबीआर’ बायोस यंत्रावर पहिला सेक्टर विंडोजच्या कोडने भरते, म्हणजे तिथे असलेले ग्रब निश्चितपणे घालवते. लिनक्स काढून टाकायचे असेल तर हे योग्यच आहे. ठेवायचे असेल तर आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतो. यूईएफआय यंत्रावर तीच आज्ञा जवळपास निरुपयोगी आहे, कारण तिथे बूट त्या सेक्टरवरून होतच नाही. ‘फिक्स-बूट’ तर अशा यंत्रांवर अनेकदा प्रवेश नाकारल्याचा संदेश देऊन थांबते.

यूईएफआय यंत्रावर विंडोजच्या बूट फायली खरोखर बिघडल्या असतील, तर योग्य साधन ‘बीसीडीबूट’ आहे. विंडोजच्याच डिस्कपार्ट या साधनाने ईएफआय पार्टिशनला तात्पुरते एक अक्षर द्यावे लागते, मग बीसीडीबूट विंडोजच्या फोल्डरमधून ताज्या फायली तिथे ठेवते. उबुंटूच्या फोल्डरला ते धक्का लावत नाही, मात्र बूट क्रमात विंडोजला वर नेते. म्हणून यानंतर ग्रब ‘गेले’ असे वाटले तर घाबरून ते पुन्हा बसवू नये, आधी क्रम पाहावा.

यादी येते पण तिच्यात विंडोज नाही, या तक्रारीला विंडोजचा पेन ड्राइव्ह लागतच नाही. ग्रबच्या २०२१ साली आलेल्या २.०६ या आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधणारे ‘ओएस-प्रोबर’ सुरक्षेच्या कारणास्तव मुळातच बंद ठेवलेले असते. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये त्याची बंदी उठवणारी एक ओळ घालून अपडेट-ग्रब चालवले की विंडोज यादीत येते. बिटलॉकर असलेल्या यंत्रावर मात्र ग्रबमार्गे विंडोज उघडल्यास रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. तिथे विंडोजसाठी फर्मवेअरचा बूट मेन्यूच बरा.

जिथे पुनःस्थापना उपयोगी पडत नाही

ऑगस्ट २०२४ मधील विंडोज अपडेटने एक वेगळाच प्रश्न उभा केला. ग्रबमधील एका जुन्या सुरक्षा त्रुटीला आळा घालण्यासाठी त्या अपडेटने फर्मवेअरमध्ये ‘एसबॅट’ नावाची निर्बंधसूची लिहिली. ड्युअल बूट असलेल्या यंत्रांना ती लागू होणार नाही असे मायक्रोसॉफ्टचे म्हणणे होते, पण अनेक यंत्रांवर ती लागू झाली. परिणामी जुन्या शिमवर चालणाऱ्या लिनक्सऐवजी सुरक्षा धोरणाचे उल्लंघन झाल्याचा संदेश येऊ लागला आणि संगणक बंद पडू लागला. मायक्रोसॉफ्टने याचे निवारण मे २०२५ च्या अपडेटमध्ये केले. तोवर ज्यांनी जुन्याच पेन ड्राइव्हवरून ग्रब पुन्हा पुन्हा बसवून पाहिले त्यांच्या हाती काही लागले नाही, कारण तो पेन ड्राइव्हही त्याच सूचीमुळे अडत होता. उपाय असा होता: सिक्युअर बूट तात्पुरते बंद करायचे, उबुंटूत जाऊन ‘मॉक-यूटिल’ने एसबॅटचे धोरण पुसायचे, शिम अद्ययावत करायचे आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचे. पडद्यावरचा संदेश शब्दशः वाचणे, शक्य तर त्याचा फोटो काढून ठेवणे, ही पायरी कोणत्याही साधनाच्या आधी का येते ते या प्रकारावरून दिसते.

ग्रब सोडून दुसरे काही

वारंवार यादी बिघडत असेल तर ‘रीफाइंड’ या वेगळ्या बूट मॅनेजरचा विचार करता येतो. ते प्रत्येक वेळी सुरू होताना ईएफआय पार्टिशन चाळून जे सापडेल ते चित्रांसह दाखवते, त्यामुळे विंडोज यादीतून गळण्याचा प्रश्न जवळपास राहत नाही. मात्र सिक्युअर बूट चालू ठेवायचे तर त्याची चावी स्वतः नोंदवावी लागते, आणि बूट क्रम विंडोजने बदलण्याचा धोका त्यालाही ग्रबइतकाच आहे. ‘सिस्टमडी-बूट’ हा आणखी एक बूट मॅनेजर अधिक साधा आणि आटोपशीर आहे, पण त्याला कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) फायली सहसा ईएफआय पार्टिशनमध्येच लागतात. विंडोजने आखलेले पार्टिशन पुष्कळदा अवघे १०० एमबीचे असते, ते लवकरच भरून जाते. केवळ ड्युअल बूटसाठी उबुंटू वापरणाऱ्याने ग्रबच ठेवावे असे माझे मत आहे. त्याच्या दुरुस्तीची माहिती सर्वाधिक उपलब्ध आहे आणि रात्री अकरा वाजता फोनवर शोधताना तेच कामी येते.

लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीची जागा असेल, तर दोन प्रणाली दोन डिस्कवर ठेवून प्रत्येक डिस्कला स्वतःचे ईएफआय पार्टिशन द्यावे. उबुंटूचे इन्स्टॉलर दुसरी डिस्क निवडली तरी कधी कधी पहिल्या डिस्कवरील ईएफआय पार्टिशनच वापरते, म्हणून इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क काढून ठेवणे किंवा फर्मवेअरमधून बंद करणे इष्ट. अशा मांडणीत एका डिस्कवरचे अपडेट दुसऱ्या डिस्कवरच्या बूट फायलींपर्यंत सहसा पोहोचत नाही, आणि बूट क्रम बदललाच तर तो बूट मेन्यूच्या एका कळीने सावरता येतो.