सांबर दिलं, बोकड परत आलं

पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यात ओटीवर सांबराचं मुंडकं टांगलेलं असायचं. आजोबांनी पेठच्या जंगलात मारलेलं, शिकारबंदीच्या आधीचं. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यांनी रीतसर नोंद करून मालकी प्रमाणपत्रही घेतलं होतं. ते गेले आणि कागद आमच्या नावावर करायचा राहून गेला. वारसाने 90 दिवसांत नोंद द्यायची असते, हे मला आत्ता कळलं.

गेल्या पावसाळ्यात मुंडक्याला कसर लागली. कान झडले, नाकाजवळ कातडी उकलली. ओळखीतल्या एकाने ‘पेंढा भरणारा’ माणूस पाठवला. मोबाईलमध्ये वाघा-बिबट्यांचे फोटो, तोंडात साखर. तो नुसत्या हातांनीच मुंडकं चाचपायला लागला, तिथेच मी थांबायला हवं होतं. जुन्या कातड्यांना कीड लागू नये म्हणून आर्सेनिक लावत. जाणकार माणूस आधी हातमोजे घालतो.

मग आवाज खाली आणून म्हणाला, “भाऊ, कागद कुणाच्या नावावर आहे?” माझा चेहरा बघून त्याला काय ते कळलं. “काळजी नको. नवी कातडी चढवतो, कागदाचंही मीच बघतो. फक्त कुठे बोलू नका.” सांबराची नवी कातडी हा आणणार कुठून, हे विचारायचं मला सुचलं नाही. अठरा हजार दिले. मुंडकं दिलं आणि मूळ प्रमाणपत्रही दिलं. झेरॉक्ससुद्धा काढली नाही!

दहाव्या दिवशी काम तयार. तेव्हा मी खूश झालो होतो. खरं तर कातडीला आधी आयोडीन नसलेलं बारीक मीठ चोळतात, तेही कान उलटे करून आणि ओठ आतून सोलून, नाहीतर केस गळतात. पुढे कमावणं, साच्यावर चढवणं, सावकाश वाळवणं. दहा दिवसांत हे उरकतं कुठे?

भिंतीवर टांगताना आई म्हणाली, “हा बोकड कुणाचा?”

जवळून पाहिलं. सांबराच्या डोळ्याखाली ठळक खाच असते, गंधग्रंथीची. इथे सपाट. डोळे बाहुलीचे, बुबुळं गोल. हरणाची आडवी असतात. हनुवटीखाली चपलेला घालतात तसली दोऱ्याची शिवण. ओलं फडकं फिरवलं तर तपकिरी रंग हाताला आला. शिंगं उचलायला हलकी, आणि दोन्हींच्या कडेने साच्याची बारीक रेघ. सांबराचं शिंग म्हणजे भरीव हाड. आमच्या मूळ शिंगांच्या बुडाशी खडबडीत कडं होतं. लहानपणी मी त्यावर टोपी अडकवायचो.

फोन लावला. “ओरडू नका भाऊ, बिनकागदाचा माल तुमच्याच घरात होता.” त्यानंतर नंबर बंद.

या एका वाक्यावर मी तीन आठवडे गप्प बसलो. शेवटी वकील मित्राला घेऊन वन विभागाच्या कार्यालयात गेलो आणि सगळं लेखी दिलं. तिथे कळलं की पेंढा भरण्याच्या धंद्यालाच परवाना लागतो आणि असली वस्तू विकता तर येतच नाही. त्याच्याकडे परवाना मागणं मला एका मिनिटाचं काम होतं. पोलिसांतही तक्रार दिली आहे. तुमच्याकडे जुनं मुंडकं असेल आणि नोंद राहिली असेल, तर आधी त्या कार्यालयात जा. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका.

बोकड माळ्यावर आहे. पुरावा म्हणून ठेवावा लागतोय. पावसात त्याला वास येतो.