वादळात चहा पिणारा ड्रायव्हर आणि माझे १४,८५० रुपये

परवा वाडीच्या ग्रुपवर कसल्याशा तापाच्या गोळ्यांचा मेसेज फिरताना दिसला. शेवटी 'स्टॉक मर्यादित' आणि खाली नंबर. तो वाचून पोटात गोळा आला, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय. मे २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत, मी आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाच्या गोळ्यांसाठी १४,८५० रुपये घालवले. गोळी एकही आली नाही.

हसण्याआधी ते दिवस आठवा. आम्ही सिंधुदुर्गातले, गोवा हाकेच्या अंतरावर. तिकडे ऑक्सिजनअभावी माणसं जात होती आणि इकडे आमच्या शेजारच्या घरातून दोघं गेली होती. १० मे रोजी गोवा सरकारने जाहीर केलं की अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन १२ मिलिग्रॅम, पाच दिवस. दुसऱ्या दिवशी मला याच गोळ्या विकणारा मेसेज आला: नोबेल मिळालेलं, केंद्राने सांगितलेलं कोविडवरचं औषध. त्यात लिहिलेलं बरंचसं खरं होतं, आणि खरी मेख तिथेच आहे. २०१५ चं नोबेल? खरं. पण ते जंतांमुळे होणाऱ्या रोगांवरच्या कामाला. केंद्राच्या एप्रिलच्या, कोविडच्या उपचारांच्या कागदात हे औषध? होतं, सौम्य रुग्णांसाठी, 'विचार करावा' अशा शब्दांत. जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मार्चलाच सांगितलं होतं की कोविडसाठी हे फक्त चाचण्यांमध्येच वापरा. ते मात्र मेसेजमध्ये नव्हतं. मग मी शहाणा कसा होणार? मंत्री सांगतात ते खोटं मानायचं, की मेडिकलवाला 'डॉक्टरची चिठ्ठी आणा, तसाही स्टॉक नाही' म्हणतो ते ऐकायचं?

घरात एक माणूस शहाणं होतं. आई म्हणाली, "अरे ता जंतांचा औषध ना? ढोरांका देतत ता?" मी तिला मोबाइलवर नोबेलची बातमी दाखवली.

फोनवरचा माणूस स्वतःला म्हापशाचा म्हणवत होता. म्हणे 'सरकारी कोट्यातला माल'. पाच गोळ्यांचं एक किट १,४५० रुपये. एरवी पन्नासच्या आतली गोळी, तरी मी घासाघीस केली नाही. घरात मोठी माणसं सात, म्हणून १३ मे रोजी १०,१५० टाकले. टाकताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्याशा मोबाइल अॅक्सेसरीजच्या दुकानाचं. विचारलं तर म्हणाला, मेडिकलच्या खात्याचं लिमिट संपलंय. (नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा. कारण विचारू नका, कारण त्यांच्याकडे तयार असतं.) दुसऱ्या दिवशी ई-पासचे (लॉकडाऊनमध्ये प्रवासाला लागायचा तो परवाना) म्हणून १,२०० घेतले. ई-पास फुकट मिळतो हे मला माहीत होतं, मी स्वतः काढला होता. तरीही दिले.

आणि मग १६ मे, रविवार. तौक्ते वादळाचा दिवस. सकाळी सातला लाइट गेलेली, माड जमिनीला टेकायला आलेले, मागच्या पडवीची कौलं उडालेली. मोबाइल १९ टक्क्यांवर. तेवढ्यात त्याचा फोन. "दादा, गाडी हद्दीवर, पत्रादेवीच्या नाक्यावर अडवलीय. ड्रायव्हर टपरीवर चहा घेतोय. ३,५०० डिपॉझिट टाका, लगेच सुटेल, पैसे परत मिळतील."

चहा. टपरीवर. गोव्यात ९ तारखेपासून संचारबंदी आणि त्यात तसलं वादळ! त्याच्या आवाजामागे वाऱ्याचा साधा सूं आवाजही नव्हता, कुठेतरी पंखा घरघरत होता. मला तो पंखा ऐकू येत होता. आजही येतो. पण डोक्यात एकच, बॅटरी संपायच्या आत पैसे गेले पाहिजेत. गेले. मग नेटवर्क गेलं. पाच दिवसांनी लावला तर नंबर बंद.

तक्रारीची कथा याहून वाईट. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा गेलो तर साहेब वादळाच्या ड्युटीवर. ते ठीक, झाडं पडली होती, समजू शकतो. दुसऱ्यांदा गेलो तर 'माणूस गोव्याचा, हद्द आमची नाही'. अहो, तो गोव्याचा आहे हे त्यानेच सांगितलंय, तेवढं एक खरं कसं धरता? तिसऱ्यांदा सुनावलं, "चिठ्ठीशिवाय औषध मागवत होता ना? मग आधी तुमचाच जबाब घेऊ." बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. औषधांच्या खात्यात गेलो तर साहेबांनी गंभीरपणे विचारलं, "माल आलाच नाही, तर नमुना कशाचा घेऊ?" एवढ्या फेऱ्यांत पेट्रोलचे ६४० गेले, ते वेगळेच. आज अशा ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे. पैसे गेल्या गेल्या त्यावर फोन करा, ठाण्याच्या बाकावर बसून दिवस घालवू नका. आणि स्क्रीनशॉट तेव्हाच काढा. माझे पहिले चॅट मी रागाने पुसले होते, आणि प्रत्येक ऑफिसने नेमके तेच मागितले.

जूनमध्ये केंद्राच्याच उपचारांच्या एका नव्या यादीतून हे औषध वगळलं गेलं. २०२२ मध्ये ब्राझीलमधल्या १,३५८ रुग्णांवरच्या चाचणीतही त्याने दवाखान्यात भरती होणं कमी झालं नाही. म्हणजे माल आला असता तरी पैसे पाण्यातच होते. भाऊ हे सांगून मला समजावतो. मला त्याने जास्तच चीड येते.

एक गोष्ट घरातही सांगितलेली नाही. तो मेसेज मी तीन ग्रुपवर पुढे टाकला होता, वर 'खात्रीचा माणूस' असं लिहून. कुडाळच्या मेव्हण्याने त्यावरून दोन किट मागवले, २,९०० रुपये. ते मी त्याला अजून दिलेले नाहीत. त्यानेही कधी विषय काढला नाही, फक्त माझे मेसेज आता तो उघडत नाही.