फुटाच्या भावाने गरमी घेतली आणि फसलो (ग्वाल्हेर)

माझं इलेक्ट्रिक पॅनल बनवायचं काम आहे, मालनपूरच्या बाजूला १२० बाय ६० फुटांचा पत्र्याचा शेड, उंची २२ फूट. ग्वाल्हेरचा जानेवारी ज्याने काढलाय त्याला वेगळं सांगायला नको, सकाळी ४-५ डिग्री, धुकं दुपारपर्यंत हलत नाही, पोरांच्या बोटांतून स्क्रू गळून पडतात. आधी गरम हवेचा ब्लोअर लावून बघितला, पण सगळी गरम हवा वर पत्र्याला जाऊन बसते आणि खाली माणूस तसाच कुडकुडत.

मग गणपती मंडळाच्या ओळखीतून एक जण घरी आला. आपलाच मराठी माणूस, पोहे खाल्ले, आईच्या पाया पडला, इथेच मी अर्धा विकला गेलो होतो. म्हणाला, काका हवा गरम करूच नका, गॅसची रेडियंट ट्यूब लावा, पाइपच्या एका टोकाला बर्नर, दुसऱ्या टोकाला पंखा, तो जळलेला गॅस पाइपभर ओढतो, पाइप तापतो आणि उन्हासारखी उष्णता सरळ माणसावर आणि फरशीवर पडते. आता हे सगळं खरंच आहे बरं का, तंत्रात काही खोट नाही.

खोट कोटेशनमध्ये होती. १८०० रुपये रनिंग फूट, बर्नर वेगळे. बर्नर २ आणि पाइप २२० फूट, म्हणजे एकेका बर्नरच्या मागे ११० फूट! मला वाटलं जितका पाइप लांब तितकी गरमी जास्त. अहो गरमी देतो बर्नर, पाइप ती फक्त वाटतो. माझे बर्नर तासाला सव्वा लाख बीटीयूचे (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप), म्हणजे साधारण ३६ किलोवॅट. बर्नरची पुस्तिका मागितली तेव्हा तो "मेलवर टाकतो" म्हणाला, ती नंतर मी स्वतः मिळवून वाचली, त्यात या साइजला पाइप ४० ते ७० फूट लिहिलाय. त्याहून लांब ओढला की जळलेला गॅस वाटेतच गार होतो, त्यातली वाफ पाइपच्या आतच पाणी होते, ते पाणी थोडं आंबट म्हणजे ॲसिडिक असतं आणि पाइप आतून खातं. पण त्याचा धंदा फुटावर, तो कशाला आखूड लावेल?

पहिल्या आठवड्यात बर्नरकडचा पाइप कडकडीत आणि शेवटच्या ४० फुटांना खुशाल हात लावा. जॉइंटातून टपटप सुरू, एका तयार पॅनलच्या दारावर गंजाचे ओघळ आले, पार्टीने माल परत केला. मिस्त्री म्हणतो, "भैयाजी, सर्दी में भी छत टपक रही है."

त्याहून वाईट गोष्ट डोकेदुखीची. दोन पोरं रोज ११ वाजता डोकं धरून बसायची, आम्ही म्हणायचो थंडीने. झालं होतं असं की बर्नर नॅचरल गॅसचे, प्लेटवर तसं छापलेलं, आणि चालवले एलपीजीवर, नोझल न बदलता. एलपीजीला नोझलचं भोक बारीक लागतं, कारण तेवढ्याच घनफळाच्या गॅसमध्ये नॅचरल गॅसच्या साधारण अडीचपट उष्णता. मोठ्या भोकातून गॅस जास्त गेला, हवा पुरली नाही, ज्योत पिवळी, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड. त्यात एक्झॉस्ट शेडच्या आतच सोडलेला, "धूर दिसतच नाही ना काका, मग पत्रा कशाला कापायचा". कार्बन मोनॉक्साइड दिसतही नाही आणि वासही येत नाही. आजही आठवलं की पोटात गोळा येतो, शटर थोडं वाकडं होतं म्हणून फटीतून वारा यायचा, नाहीतर काय झालं असतं.

पाइपच्या वरचे रिफ्लेक्टर बिलात ॲल्युमिनियमचे, मुलीचं फ्रिजवरचं चुंबक लावलं तर टक्कन चिकटलं. चंदेरी रंग मारलेला पत्रा! पैसे मात्र ७० टक्के ॲडव्हान्स गेलेले, पावती साध्या चिठ्ठीवर, आणि फोन आधी बिझी मग बंद.

नंतर वडोदऱ्याच्या मावसभावाने एक इंजिनियर गाठून दिला. त्याने आधी पत्रा मोजला, शटर दिवसातून किती वेळा उघडतं ते विचारलं, मग हिशोब काढला की बाहेरपेक्षा १२ डिग्री वर ठेवायचं तर अख्ख्या शेडला सव्वाशे किलोवॅटच्या आसपास लागतात. माझ्याकडे दोन्ही मिळून ७३. म्हणजे पहिल्या दिवसापासून ते जमणारच नव्हतं आणि हा हिशोब त्या माणसाने कधी केलाच नव्हता, मीही मागितला नव्हता. कोणी शेडची मापं न घेता, पत्रा की वीट न विचारता नुसता फुटाचा भाव सांगत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता अख्खा शेड गरम करायचा नाद सोडून दिलाय, फक्त असेंब्लीच्या टेबलांवर दोन्ही बर्नर, ५५-५५ फूट, यू आकारात म्हणजे गरम आणि कोमट बाजू शेजारी येतात, नोझल बदलले, एक्झॉस्ट पत्र्याबाहेर, भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. टेबलापाशी स्वेटर काढावा लागतो, गोडाउनकडे अजूनही टोपी घालूनच जायचं. उरलेला ११० फूट पाइप शेडमागे पडलाय, कोणाला मांडवाला हवा असेल तर घेऊन जा, आतून गंजलाय एवढं सांगून ठेवतो.