घरोघरी शुश्रूषेचे काम, धरलेली कंबर आणि ऑस्टिओपॅथीचे आठ महिने

मी इंग्लंडमधल्या स्लाव शहरात वृद्ध आणि आजारी माणसांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करते. 2022 च्या फेब्रुवारीत ब्रिटनने केअर वर्करच्या कामासाठी परदेशी माणसांना व्हिसा खुला केला, त्यानंतर इकडे आलेल्यांपैकी मी एक. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवणे, पॅड बदलणे, अंग पुसणे, खुर्चीतून कमोडवर (खाली बादली असलेल्या शौचाच्या खुर्चीवर) नेणे, पायमोजे चढवणे आणि निघण्यापूर्वी त्याच घरातली भांडी व चादरी उरकणे असे दिवसाला दहा-बारा घरांचे काम असते. मे 2025 पासून जानेवारी 2026 पर्यंत मी कंबरदुखीसाठी ऑस्टिओपॅथकडे अकरा वेळा गेले. अशीच कामे करणाऱ्या आपल्या माणसांना निर्णय घेताना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आधी एक खुलासा करते, कारण मी हा शब्द उच्चारला की घरच्यांना हाडांचा सर्जन वाटतो. ऑस्टिओपॅथी ही हातांनी सांधे, स्नायू आणि पाठीचा कणा तपासून उपचार करण्याची पद्धत आहे. अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन डॉक्टरने ती 1874 मध्ये मांडली. अमेरिकेत ऑस्टिओपॅथिक पदवीधर औषधे देणारे आणि शस्त्रक्रिया करणारे पूर्ण डॉक्टर असतात. ब्रिटनमध्ये तसे नाही. इथले ऑस्टिओपॅथ हाताने उपचार करतात आणि व्यायाम शिकवतात. मात्र 1993 च्या कायद्याने या व्यवसायाला नियमन आले असून जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवणे हा गुन्हा आहे. ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. मी दोन ऑस्टिओपॅथांकडे गेले, आणि दोन्ही वेळा नाव तपासूनच गेले, आणि तुम्हीही तपासावे असे आग्रहाने सांगेन.

दुखणे एका दिवसात आले नाही. आधी सकाळी उठताना कंबर ताठ असायची, मग कामाच्या मध्यात उसण भरू लागली, आणि एप्रिलमध्ये एका आजींचे पाय धुऊन उठताना अशी चमक आली की भिंतीला धरून उभी राहिले. साताऱ्याहून आईने सांगितले की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घे. तिच्या लहानपणी सगळे गाव तसेच करत असे. मी बाम लावला, गोळ्या घेतल्या आणि कमरेचा पट्टा बांधून तीन आठवडे काम रेटले. पट्ट्याने आधार वाटायचा, पण तो सोडला की दुखणे तसेच असे. कंबरदुखीसाठी पट्टे देऊ नयेत, असे उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2016 च्या सूचनांत लिहिलेले आहे, हे मला पुष्कळ नंतर समजले.

पहिल्या दवाखान्यातला अनुभव चांगला नव्हता. दहा मिनिटांच्या तपासणीनंतर तुमचे ओटीपोटाचे हाड जागेवरून सरकले आहे, बारा भेटींचे पैसे आगाऊ भरा, असे सांगण्यात आले. मी काय काम करते, हे कोणी विचारलेच नाही. मी परत गेले नाही.

दुसऱ्या ऑस्टिओपॅथ बाईंनी पहिल्या भेटीतला जवळपास अर्धा वेळ प्रश्न विचारण्यात घालवला. लघवी आणि शौचावर ताबा आहे का, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आहे का, पायातली शक्ती कमी झाली आहे का, ताप येतो का, विनाकारण वजन घटले आहे का, रात्री पडून राहिल्यावरही दुखणे थांबत नाही असे होते का, हे त्यांनी एकेक करून विचारले. यातल्या पहिल्या तीनपैकी एकही लक्षण कोणाला नव्याने जाणवले, तर ऑस्टिओपॅथची वेळ न घेता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे, कारण मणक्यातल्या नसांवर दाब आल्यास उशीर परवडत नाही. त्यानंतर त्यांनी मला वाकायला, वळायला, एका पायावर उभे राहायला सांगितले. सैल कपडे अंगावर ठेवले तरी चालतील, सोबतीला कोणी हवे असल्यास आणता येईल, हेही त्यांनी आधीच सांगितले. संकोचणाऱ्या आपल्या बायकांसाठी हे मला महत्त्वाचे वाटते.

मग त्या स्वतः खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी तुमची रुग्ण आहे, मला मोजे घालून दाखवा." मी नेहमीप्रमाणे कमरेतून ओणवी झाले. त्यांनी मला त्याच स्थितीत थांबवले आणि दिवसातून असे किती वेळा वाकता, हे मोजायला लावले. मोजे, पायांची अंघोळ, गादीखाली चादर खोचणे, कमोडची बादली उचलणे, फरशीवर सांडलेले पुसणे असे मोजता मोजता आकडा साठाच्या वर गेला. मी कंबरदुखीचा सगळा दोष जड माणसांना उचलण्यावर टाकत होते. माझ्या पाठीला खरा ताण मात्र या हलक्या वाटणाऱ्या, ओणव्याने केलेल्या कामांचाही होता. त्या भेटीचे पैसे मला इथेच वसूल झाले.

उपचारात त्यांनी कमरेचे आणि कुल्ल्याचे स्नायू बराच वेळ दाबून मोकळे केले, पाय धरून खुबा हळूहळू फिरवला, आणि मी त्यांच्या हाताला विरोध करत काही सेकंद जोर लावायचा व सोडायचा, असा प्रकार पुन्हा पुन्हा केला. सांध्याचा कट् असा आवाज येतो तो झटका देण्याआधी त्यांनी धोके सांगून परवानगी विचारली. मला भीती वाटली म्हणून मी नको म्हटले, आणि त्याविना उपचार अडला नाही. दुसऱ्या दिवशी अंग चांगलेच ठणकले. त्यानंतर तीन-चार दिवस पाठ हलकी वाटली, आणि आठवडा संपेपर्यंत दुखणे पूर्वीच्या जागी आले. पहिल्या तीन भेटींत हेच घडले. केवळ हाताच्या उपचारावर लिहायचे असते, तर मी येथेच थांबून सांगितले असते की आराम मिळतो, टिकत नाही. पुढे कवटीला हलका स्पर्श करून करायच्या उपचाराचाही उल्लेख झाला. त्याच्या परिणामाचा पुरावा मला पटण्यासारखा वाटला नाही, म्हणून मी तो घेतला नाही.

फरक पडला तो चौथ्या भेटीनंतर, घरी व्यायाम नेमाने सुरू केल्यावर. पाठीवर झोपून कंबर उचलणे, हात आणि गुडघे टेकून एक हात पुढे व विरुद्ध बाजूचा पाय मागे लांब करणे, आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे, इतकेच व्यायाम होते. नाइसच्या त्याच सूचनांतही हाताचा उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावा असे म्हटले आहे, आणि माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. सोबत कामाची पद्धत बदलली. पलंगाला उंची बदलण्याची सोय असते, पण घाईत मी ती कधी वापरत नसे; आता आधी पलंग कमरेपर्यंत वर घेते. मोजे घालताना ठेंगण्या स्टुलावर बसते. कुशीवर वळवताना सरकणारी चादर वापरते. काखेत हात घालून माणसाला ओढून उठवणे पूर्ण बंद केले आहे, कारण त्यात त्यांचा खांदा आणि आपली पाठ दोन्ही जातात. घरची मंडळी प्रेमानेच म्हणतात की जरा उचलून बसवा, तेव्हा नाही म्हणणे जड जाते.

वजनाविषयी एक आकडा मी कायम लक्षात ठेवते. ब्रिटनमध्ये कामगारांच्या सुरक्षेचे काम पाहणाऱ्या एचएसईच्या तक्त्यात स्त्रियांसाठी कमरेच्या उंचीवर अंगाला लागून धरलेल्या वजनाचा सूचक आकडा 16 किलो आहे आणि तेच हात लांब करून धरले तर 10 किलो. पलंगाच्या पलीकडच्या कडेला असलेल्या साठ-सत्तर किलोच्या माणसाला एकटीने हात लांब करून ओढणे म्हणजे काय, हे यावरून कळावे. एका घरी यंत्राच्या झोळीने माणूस उचलायचा असतानाही मला एकटीला पाठवले जात होते. ऑस्टिओपॅथ बाईंनी माझ्या विनंतीवरून तपासणीतल्या निष्कर्षांचे पत्र दिले. वजन हाताळण्याविषयीच्या 1992 च्या नियमांनुसार धोक्याचे मूल्यमापन करणे मालकाचे कर्तव्य आहे, असे लिहून मी ते मला कामावर पाठवणाऱ्या एजन्सीला दिले. पाच आठवडे उत्तर आले नाही. दुसऱ्यांदा लिहिल्यावर त्या घरी दोघींना पाठवणे सुरू झाले. कोणत्याही मालिशपेक्षा या बदलाने माझी पाठ अधिक वाचली, असे मी पूर्ण विचाराने म्हणते.

खर्च हा मोठा अडसर आहे. ऑस्टिओपॅथी एनएचएसमधून, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतून, मोजक्याच भागांत मिळते. मला पहिल्या भेटीचे 65 आणि पुढच्या प्रत्येक भेटीचे 50 पौंड पडले. 2025 मध्ये किमान वेतन तासाला 12.21 पौंड होते, त्या हिशेबाने एक भेट म्हणजे चार तासांहून अधिक काम, शिवाय त्या वेळेतला बुडालेला रोजगार वेगळा. ज्यांना हे झेपणार नाही, त्यांनी एनएचएसची फिजिओथेरपी आधी घ्यावी. अनेक भागांत त्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नोंदणी करता येते, आणि तिथेही व्यायाम शिकवतात. ऑस्टिओपॅथी शिकवणाऱ्या संस्थांच्या दवाखान्यांत विद्यार्थी देखरेखीखाली उपचार करतात, तिथे शुल्क कमी असते.

माझी धाकटी बहीण साताऱ्यात चार घरची धुणीभांडी करते. तिच्याजवळ ऑस्टिओपॅथ नाही आणि पन्नास पौंडांचा प्रश्नच नाही. तिला मी मोजे घालण्याचाच प्रयोग फोनवर करायला लावला, फक्त मोज्यांच्या जागी बादली ठेवली. तिने दिवसातले वाकणे मोजले आणि एका घरी ओट्याच्या उंचीवर भांडी घासायला परवानगी मागितली. ती मिळाली.

आता मी सहा-सात आठवड्यांनी एकदा जाते. सकाळचा ताठरपणा अजून आहे, पण उसण सप्टेंबरपासून भरलेली नाही आणि गोळ्या सुटल्या आहेत. सणाच्या दिवसांत सलग नऊ दिवस काम केले, तेव्हा दुखणे परत आले आणि व्यायामाने आठवड्यात बसले. पुढची भेट फेब्रुवारीत आहे. उजवा खांदा हल्ली रात्री दुखतो. त्या भेटीत, माणसाला कुशीवर वळवताना माझा हात नेमका कुठे असतो, ते मी त्यांना करून दाखवणार आहे.